पापणी, आवृत्ती २.९

४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी केव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय ते सांगितलं तर तू पुढचं वाचायचीच नाहीस. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर कागद तेलकट. चांगला कागद मिळाला तर खोलीतल्या पोरांनी त्यावर चित्र काढलं, तेही माझंच, माकड म्हणून. कारणं सगळी खरी आहेत, पण चांगलं सांगण्यासारखं काही नव्हतं हे त्यांतलं सगळ्यात खरं. आज वाईट सांगण्यासारखं आहे आणि ते पोटात राहत नाहीये.

फोन का करत नाही म्हणशील. फोन फुटला. मुकादमाच्या डोक्यावर फुटला. ते पुढे येईल.

मी आता एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. दारांच्या बिजागऱ्या, कड्या, कोयंडे. आधीचं ट्रकवरचं काम सोडलं, कारण ड्रायव्हर दिवसभर एकच गाणं म्हणायचा आणि तेही अर्धंच. असो. इथे मी प्रेस खात्यात आहे. प्रेस म्हणजे लोखंडी जबडा. खाली साचा, वर हातोडा. पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने बटण दाबायचं, धाडकन बिजागरी तयार. ताजी बिजागरी खिशात टाकली तर मांडीला इतकी मस्त ऊब लागते की... राहू दे, भरकटलो.

प्रेसच्या तोंडाशी दोन काळे खांब आहेत. एकातून न दिसणारा उजेड निघतो, दुसऱ्यातला डोळा तो बघत बसतो. हात आत असेल तर उजेड तुटतो, मग बटणावर नाचलं तरी हातोडा खाली येत नाही. आमची सगळ्यांची बोटं त्या डोळ्याच्या भरवशावर.

माझ्या शेजारच्या प्रेसवर पैलवान होता. नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल असा. आम्ही एकाच खोलीत राहतो. परवा सकाळी त्याने वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला हात आत घातला. पाय बटणावर होता. हातोडा आला.

उजवा हात मनगटापासून गेला. ताई, आवाज रोजच्यासारखाच आला, पत्र्याचा. म्हणून मी वळलोसुद्धा नाही. तो ओरडला तेव्हा वळलो.

त्याच्या दंडाला माझा पट्टा आवळून बांधत होतो तेवढ्यात मुकादम आला. पैलवान अजून जमिनीवर, आणि हा काय म्हणाला माहितीये? "डोळ्याला चिकटपट्टी लावली असेल यानेच. काम भराभर उरकायला." माझं डोकं सणकलं. खिशात फोन होता, तोच काढून घातला. मग सगळेच तुटून पडले. मुकादमाचे पुढचे दात गेले. मग जमाव काचेच्या केबिनकडे वळला. तिथे चष्मेवाला बसतो, यंत्रांचे संगणक सांभाळणारा. त्याने आतून कडी लावली तर स्टूल फेकून काच फोडली आणि त्याला त्या काचांवरून फरफटत बाहेर काढलं. तो आपला एकच सांगत होता, "मी बरोबर बसवलंय, मी बरोबर बसवलंय." मग मालकाचे रखवालदार काठ्या घेऊन आले. माझी भुवई फाटली आहे, बाकी ठीक.

आता प्रेस खातं बंद आहे. २३ तारखेला सरकारी चौकशी आहे. मालकाने लिहून दिलंय की पट्टी पैलवाननेच लावली. ते खरं ठरलं तर पैलवानची नोकरी गेली, उपचार थांबले, वर खटला त्याच्यावरच. पट्टी नव्हती, ताई. मी शेजारीच होतो. पण माझं ऐकतो कोण, मी तर फोन मारणारा.

जाता जाता. चष्मेवाल्याच्या पडद्यावर ते खांब चालवणाऱ्या गोष्टीचं नाव दिसत होतं, पापणी. तू मागे असंच काहीतरी सांगत होतीस ना? लायब्ररी लायब्ररी म्हणत होतीस आणि मी विचारलं होतं की पुस्तकं कुठायत. तीच का ही?

तुझा,
भिरभिऱ्या


८ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

तीच.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, गॅस न पेटवता. आता नीट लक्ष देऊन वाच, मध्येच बिजागरी खिशात घालू नकोस.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, आणि पापणी मी लिहिलेली नाही. तिचा लेखक एक म्हातारा आहे, दूर कुठेतरी राहतो, चिडका आहे. तो कोड लिहितो. मी ते पॅक करते, म्हणजे कोणत्याही संगणकावर लोकांना एका आज्ञेत बसवता यावं असं तयार करून देते, आणि सोबत अटी लिहिते. अमुक प्रोग्रामला पापणी हवी असेल तर निदान या आवृत्तीची हवी, त्याच्या आधीची चालणार नाही. माझं काम एवढंच. पण ते चुकलं तर काय होतं ते तू पाहिलंस.

२.१० च्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये एक खोट होती. डोळ्यावर तेलाचा थर बसला की त्या गोंधळायच्या. उजेड तुटला तरी सगळं मोकळं आहे असं सांगायच्या. म्हाताऱ्याने २.१० मध्ये ती खोट काढली. म्हणून प्रेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या पॅकेजमध्ये मी अट घातली, पापणी २.१० किंवा त्यापुढची.

आता माझ्या घशाशी आलेली गोष्ट. मूळ कोड दोन ठिकाणी मिळतो. एक गाठोडं लेखक स्वतः बांधतो, सही करून ठेवतो. त्यात कुठल्या कंपनीचा डोळा कसा वाचायचा याचा तयार तक्ता असतो. दुसरं गाठोडं कोड ठेवण्याची वेबसाइट आपोआप बांधते. त्यात तो तक्ता नसतो, आपण बनवून घ्यावा लागतो. आमचा नियम असा की लेखकाच्या हातचं घ्यायचं. २.१० च्या वेळी म्हाताऱ्याचा सर्व्हर बंद होता, लोक माझ्या मागे हात धुवून लागले होते, आणि मी वेबसाइटचं घेतलं. तक्ता मी बनवला. मला तो बरोबर वाटला. तुमच्या खांबांच्या बाबतीत तो चुकला असेल तर माझी २.१० सुद्धा आंधळीच.

तेव्हा एकच काम कर. त्या संगणकावर पापणीचा आकडा बघ. २.१० किंवा पुढचा असेल तर खोट माझ्या पॅकेजात असू शकते, आणि मी स्वतः चौकशीला येऊन तसं सांगेन. आधीचा असेल तर कुणीतरी माझी अट मोडून जुनी पापणी जबरदस्तीने बसवली आहे, आणि तो संगणक हाच पैलवानच्या बाजूचा पुरावा आहे.

फक्त बघ. कुणाला मारू नकोस. कशाला हात लावू नकोस. भुवईला टाके घातले का ते कळव.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

टाके घातले. डॉक्टरीणबाई फार छान आहेत, त्यांच्याकडे एक पोपट आहे, तो सुई दिसली की आधी स्वतः किंचाळतो म्हणजे पेशंटला ओरडायची गरजच नाही. पैलवान बरा आहे असं म्हणतात. मी अजून भेटायला गेलो नाही. जाईन.

आता तू चौकशीला वगैरे यायचं डोक्यातून काढून टाक. काही गरज उरलेली नाही. एवढंच सांगणार होतो, पण तू उलटतपासणी घेणार, म्हणून सगळं सांगतो.

मी डबा राहिलाय म्हणून प्रेस खात्यात शिरलो. रखवालदाराला विडी दिली. जमिनीवर अजून ते डाग आहेत, कुणी पुसले नाहीत. वाटलं केबिनमध्ये कुणी नसेल, तर चष्मेवाला बसलेला. डोक्याला पट्टी, चष्म्याची एक काच तडकलेली. मला बघून त्याने स्टूलच उचललं.

म्हटलं, "मारायला नाही आलो. पापणीचा आकडा दाखव."

तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही कळत, माझ्या ताईला कळतं. तिनेच पॅक केलीये ती."

हे ऐकल्यावर त्याने स्टूल खाली ठेवलं. ताई, त्याच्या तोंडावर अशी कळा आली की जणू कुणीतरी घरचं भेटलं. म्हणाला, "मग तिला सांग, मी काही कुचराई केली नाही. प्रोग्राम २.१० मागत होता. माझ्याकडे त्याच्याही पुढची होती. पॅकेज बसवणारी यंत्रणा उगाच नाही नाही करत होती, आवृत्ती जुनी आहे म्हणत होती. यंत्रणेलाच अक्कल नाही. मी जबरदस्तीने बसवली. हे बघ."

आणि पडद्यावर आकडा दाखवला. २.९.

मी बघतच राहिलो. शाळेत मी काही शिकलो नसेन, पण दशांश शिकलो, छड्या खाऊन शिकलो. दोन पॉइंट दहा म्हणजे दोन पॉइंट एक, शेवटचं शून्य शोभेचं. दोन पॉइंट नऊ त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे तू लिहिलंस तेच. पुढचा आकडा असेल तर खोट तुझ्याकडची. तुझा तो तक्ता.

ताई, मला तुझं ते स्वयंपाकघर दिसलं. तू चौकशीत उभी राहून सांगणार की हो, माझ्यामुळे एकाचा हात गेला, आणि खाली पैलवानचा थोरला भाऊ पाइप घेऊन उभा असणार. तो त्या दिवसापासून पाइप घेऊनच फिरतो.

भिंतीला घण टेकवलेला होता. साचे ठोकायचा. मी तो उचलला आणि संगणकावर घातला. पहिल्या घावात पडदा गेला, पण पडद्यात काही नसतं हे मला माहितीये, म्हणून खालची पेटी फोडली. ती सहज फुटत नाही, आत हिरव्या पट्ट्या असतात, त्या वाकतात, तुटत नाहीत. मी त्यांचा चुरा होईपर्यंत मारत राहिलो. चष्मेवाला मागून माझ्या गळ्यात पडला. मी कोपर मारलं, तो सोडेना. मग घणाच्या दांड्याने मारलं, बरगड्यांवर. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला आणि श्वास घेता येत नव्हता तरी हाताने त्या पेटीचे तुकडे गोळा करत होता. मी त्याच्या हातावर पाय दिला.

त्याची काही चूक नव्हती, हे मला मारतानाच कळत होतं. त्याने तर पुढचीच बसवली होती. पण तो की तू असं होतं, आणि मग विचार करायचा प्रश्नच नव्हता.

कुणीतरी त्याला नेलं. आता तो कुठे आहे माहीत नाही. सकाळी सगळ्यांनी फुटलेला संगणक पाहिला आणि म्हणाले मालकानेच फोडून घेतला. मग मालकाची गाडी पेटवली. रखवालदाराला, तोच विडीवाला, फाटकाला बांधून चोपला. मी गर्दीत होतो. काही बोललो नाही.

तर आता काळजी करू नकोस. कोणता आकडा होता ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

भिरभिऱ्या


१७ फेब्रुवारी

आठ, नऊ, दहा. यात तुला नऊ कुठे दिसतो?

तो दशांश नाही, गाढवा. आवृत्तीतला टिंब दशांशाचा नसतोच. तो मजला आणि खोली वेगळी दाखवायला असतो. दुसरा मजला, खोली नऊ. दुसरा मजला, खोली दहा. नवाच्या पुढचं दार दहाचं. २.९ ही २.१० च्या आधीची. तीच जुनी, तेलाने आंधळी होणारी. यंत्रणा बरोबर सांगत होती आणि त्या माणसाने तिचा गळा दाबून जुनी पापणी बसवली, कारण त्यालाही तुझ्यासारखाच दशांश दिसला. आणि तू पुरावा घणाने फोडलास. माझा नाही. पैलवानचा.

म्हाताऱ्याला मी फोन केला होता. त्याने आधी मला यथेच्छ शिव्या दिल्या, मग स्वतःचं मूळ गाठोडं पाठवलं. दोन्ही शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ जुळवली. तक्ता सारखा आहे. माझ्या पॅकेजात खोट नव्हती. हे मी तुला आनंदाने सांगत नाहीये. मला वाचवायला तू एका माणसाच्या बरगड्या मोडल्यास आणि मला वाचवण्यासारखं काही नव्हतंच.

मालकाचा वकील आता काय म्हणेल ते मी सांगते. पट्टी पैलवानने लावली होती, संगणकात ते दिसलं असतं, म्हणून त्याच्याच दोस्तांनी संगणक फोडला. आणि अर्धं खरं आहे, एका दोस्ताने फोडलाच आहे.

मी चौकशीत २.९ ची खोट समजावून सांगू शकते. पण तिथे २.९ होती हे मी पाहिलेलं नाही. पाहिलंय दोघांनी, तू आणि ज्याला तू मारलंस त्याने. तू फोन मारणारा, घण मारणारा, पैलवानचा मित्र. तुझ्या एकट्याच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही. तरी तूच सांगायचंस. आधी पैलवानला सांगायचं, मग सगळ्यांना. पळून जायचं मनात आलंच असेल, तुझ्या पायाला भिंगरी आहेच. या वेळी नाही.

मी येतेय. तिकीट काढलंय.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. उजव्याची बोटं सुजली आहेत. पैलवान आता कायम डाव्यानेच लिहिणार, तेव्हा मला ही शिक्षा काहीच नाही असं मनात येतं.

पळून जायचं मनात आलं होतं. स्टँडपर्यंत गेलो. तिथे एक माणूस पिंजऱ्यात कासव घेऊन बसला होता, मी त्याला विचारलं कासवाला पिंजरा कशाला, ते पळून पळून जाणार किती? तो म्हणाला, जातं की. मग बस सुटली आणि मी परत आलो.

आधी पैलवानकडे गेलो. तो उशीला टेकून बसला होता, उजव्या हाताच्या टोकाला पांढरं गाठोडं. मला बघून हसला. हसूनच म्हणाला, "आलास का रे, माकडा. मला वाटलं तुझा पण हात अडकला कुठे." मी सांगायला लागलो. मजला, खोली, नऊ, दहा. सगळं सांगितलं. घणाचं सांगितलं.

तो म्हणाला, "नऊ मोठे की दहा, एवढं कुणाला विचारता नाही आलं तुला?"

म्हटलं, "मला वाटलं मला येतं."

त्याने जवळ बोलावलं. वाटलं, काही कानात सांगायचंय. डाव्या हाताने कानाखाली काढली. सवय नसलेला हात, निम्मा नाकावर लागला, रक्त आलं. त्यालाच जास्त लागलं, टाक्यांमुळे कळवळला. मग म्हणाला, "जा, बाहेर सांग. मी कुणाला अडवणार नाही."

कारखान्याच्या अंगणात सगळे जमले होते, चौकशीच्या तयारीला. मी पिंपावर चढलो. पिंप रिकामं होतं, दर वाक्याला घुमत होतं, आणि मागून कुणीतरी म्हणालं देखील, "भाषण चांगलंय, साथ कोण करतंय?" लोक हसले. मी सांगितलं की संगणक मालकाने नाही, मी फोडला. हसू थांबलं. मी सांगितलं की त्यात काय लिहिलं होतं आणि का फोडला. रखवालदार फाटकाजवळ उभा होता, डोळा अजून मिटलेला. माझ्या वाटचा मार त्यानेच खाल्लेला होता.

पैलवानच्या भावाने पिंपाला लाथ मारली. मी पडलो. मग पाइप. पहिला पाठीत, दुसरा हातावर, मी तोंड झाकत होतो म्हणून. मग बाकीचे आले. मला माहीत नव्हतं की बुटांचा आवाज आतून असा येतो, म्हणजे आपल्याच अंगाच्या आतून. कुणी शिव्या देत नव्हतं, सगळे गप्प मारत होते, ते जास्त वाईट. शेवटी तो रखवालदारच मध्ये पडला. म्हणाला, "मेला तर चौकशीत कोण बोलणार, तुम्ही?" तेव्हा थांबले.

पैलवानचा भाऊ वाकून म्हणाला, "तुझा शब्द कुणी मानणार नाही, आणि दुसरा सापडला तर आम्ही त्याला बोलायला ठेवणार नाही. त्यानेच बसवली ना ती?" म्हटलं, त्याला बोलू द्या, तोच तुमच्या भावाला सोडवील. तो म्हणाला, "सोडवू दे. नंतर आम्ही त्याला सोडत नाही."

मी दोन दिवस खोलीवर पडून आहे. उद्या चौकशी आहे. तू सकाळच्या गाडीने येशील, तेव्हा हे पत्र पाठवायचं तरी कशाला, पण समोर आलीस की मला काही बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय. हातात देईन.

इथवर लिहून झालं होतं तेवढ्यात दार वाजलं. पैलवानचा भाऊ असं वाटलं, म्हणून मी कण्हतच उठलो आणि खाटेखालची दांडी घेतली. दार उघडलं तर चष्मेवाला.

दुपारच्या उन्हात, मागच्या जिन्याने, एक हात बरगड्यांना धरून, एका पायरीला एकदा थांबत आला. अंगणातलं सगळं रखवालदाराने त्याला फोन करून सांगितलंय. चष्मा नाहीये, म्हणून त्याने आधी माझा चेहरा अगदी जवळ येऊन पाहिला. माझ्या हातातली दांडी त्याला दिसली असणार. तरी आत आला, खाटेवर बसला आणि विचारलं, "खरंच दहा पुढे असतो?"

म्हटलं, "मजला आणि खोली. नवाच्या पुढचं दार."

त्याने बोटांवर आठ, नऊ, दहा मोजलं. मग म्हणाला, "तुला पण नऊच मोठा वाटला होता ना?"

म्हटलं, "मला पण."

त्याला तेवढंच ऐकायचं असावं. म्हणाला, उद्या मी सांगतो. यंत्रणा नको म्हणत असताना मी बसवली, असंच सांगतो. पण त्याला येताना कुणीतरी पाहिलंय, ताई. खाली फाटक वाजलं आत्ता, आणि पुढच्या जिन्यावर पैलवानचा भाऊ पाइप घासत वर येतोय. मी खाट दाराला लावलीये आणि तिच्यावर बसून लिहितोय. चष्मेवाला माझ्या मागे, भिंतीला टेकून. तुझी गाडी येईपर्यंत हा माणूस मला जिवंत ठेवायचाय.